रँकिंग घसरलं, पण निदान झालंय का?

प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून अभ्यासाच्या नोट्सची वेबसाइट चालवते. गूगलच्या कोअर अपडेटनंतर (शोध निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) क्लिक निम्म्यावर आले. घाबरून तीस जुने लेख काढले, उरलेल्यांवर ताजी तारीख टाकली. फरक शून्य. साइट बंद करू का? आणि एसईओमध्ये, म्हणजे साइट शोध निकालांत वर आणण्याच्या कामात, करिअर करावं का?

उत्तर: तीस लेख उडवण्याची घाई झाली. त्यातले उपयोगाचे आधी परत आण, तेही जुन्याच यूआरएलवर (वेब पत्त्यावर). मजकूर तोच ठेवून तारीख बदलण्याने काही हाती लागत नाही, उलट वाचकाचा विश्वास जातो.

आता निदान. अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर दिसतं. मार्च २०२४चं कोअर अपडेट ४५ दिवस चाललं होतं, त्यामुळे मधल्या चढउतारांवरून निष्कर्ष काढू नये. संपल्यावर किमान एक आठवडा जाऊ दे. मग सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गूगलचं टूल) त्या आठवड्याची तुलना अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी कर. तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो, म्हणून गेल्या वर्षीचा तोच काळही बघ. नोट्सना परीक्षेचा हंगाम असतोच!

इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं) घटले पण पोझिशन (निकालांतला क्रमांक) तीच असेल, तर बहुधा लोकांचं शोधणंच कमी झालंय. दोन्ही स्थिर आणि क्लिक घटले, तर निकालांच्या पानावरच उत्तर मिळत असावं. पोझिशनही पडली, तरच रँकिंगचा प्रश्न. दुसऱ्यावरून चौथ्यावर आलेल्या पानाची मोडतोड करू नकोस; चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलं असेल तर मात्र सगळी साइट तपासायला हवी. सरासरी पोझिशन फसवते, बरं का. निकालांच्या मागच्या पानांवर तुझी साइट दाखवणारे शोधशब्द गळाले की सरासरी सुधारलेली दिसते आणि क्लिक मात्र वाढलेले नसतात. म्हणून एकेक पान, एकेक क्वेरी (लोकांनी टाइप केलेला शोध) उघडून बघ.

पानं इंडेक्समधूनच (गूगलच्या पानांच्या यादीतूनच) गायब झाली असतील, तर अपडेटला दोष देण्याआधी चुकून लागलेला नोइंडेक्स टॅग, म्हणजे ‘हे पान यादीत घेऊ नका’ असं सांगणारी खूण, शोध. मॅन्युअल ॲक्शनचा (गूगलच्या माणसांनी साइटवर केलेल्या कारवाईचा) रिपोर्टही एकदा उघड. तिथे काही नसेल तर बॅकलिंक (इतर साइटवरून तुझ्याकडे येणाऱ्या लिंक) नाकारण्याच्या टूलला हात लावू नकोस.

सुधारणांचा परिणाम दिसायला काही दिवस ते काही महिने लागतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे साइट चालू ठेव, पण तिच्या कमाईवर महिन्याचा खर्च बेतू नकोस. सरळ पत्त्यावर येणारे वाचक आणि ईमेल यादी वाढव.

करिअरचं म्हणशील तर हे निदान म्हणजेच काम आहे. नुसतं कीवर्ड भरणाऱ्याची गरज कमी होत चालली आहे. एचटीएमएल शीक, ३०१, ४०४, ५०३ या स्टेटस कोडचे (पान मागितल्यावर सर्व्हर देतो ते उत्तराचे आकडे) अर्थ शीक आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शीक. सर्च कन्सोलच्या तक्त्यात फक्त १००० ओळी दिसतात, त्यापुढचा डेटा एपीआयने (प्रोग्रॅममधून थेट डेटा मागवण्याच्या सोयीने) काढावा लागतो. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा तुझ्या साइटची नोंदवही जास्त बोलेल: तारीख, कोणतं पान, काय बदललं, का बदललं, चार आठवड्यांनी काय झालं. एका वेळी एकच बदल कर. पहिली नोंद ते तीस लेख काढल्याची असू दे.