स्टॉल लावायच्या आधी एवढं वाच

अगं, मेक्सिकन कलेच्या वस्तूंचा स्टॉल लावतेस तर पहिल्याच वर्षी फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचा चेहरा छापलेल्या पिशव्या काढू नकोस, तिच्या नावाचे ट्रेडमार्क एका कंपनीकडे आहेत, नोटीस आली की आपल्यासारख्यांची वाट लागते. सांगाडेच हवेत तर पोसादा या मेक्सिकन छापाचित्रकाराचे घे, तो 1913 मध्ये गेला, त्याची चित्रं आता कुणीही वापरावीत. खरं तर पापेल पिकादो शिक. म्हणजे आपल्या पताकाच, पण नक्षी कापलेल्या, तिकडे मेक्सिकोत प्वेब्लाचे कारागीर पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदांचा गठ्ठा रचतात आणि छिन्नी-हातोडीने सगळे एकदम कापतात. मी 15च घेतले तरी खालचे चारपाच फाटले, छिन्नीला धारच नव्हती ना! आणि नक्षीत जोड ठेव, म्हणजे तुकड्यांना धरून ठेवणाऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या, नाहीतर कवटीचे दात गळून पडतात (माझे पडलेत). मुएर्तोस म्हणजे मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाचा माल ऑगस्टलाच करायला घे, 1-2 नोव्हेंबर गेला की कुणी ढुंकून बघत नाही. सॅन दिएगोत आहेस तर चिकानो (म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) पार्कला जाच, 1970 मध्ये तिथल्या लोकांनी बुलडोझर अडवून मिळवलेली जागा आहे ती, पुलाच्या खांबांवरची म्युरल्स नीट बघ आणि मगच डिझाइनला हात घाल. आपण बाहेरच्या ना, म्हणून मी टॅगवर कुणाकडून शिकले तेही लिहिते.