स्वाइन फ्लूची तपासणी डॉक्टर नको म्हणतात, तरी करून घ्यावी का? आणि दरवर्षीच्या लसीचा खरंच उपयोग होतो का?

सात वर्षांचा मुलगा, परवापासून १०२ ताप, खोकला, अंगदुखी. वर्गातली आणखी काही मुलं आजारी. घरात मधुमेह असलेल्या सासूबाई. आणि डॉक्टर म्हणतात, "स्वॅब कशाला? पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा, दोन दिवसांनी आणून दाखवा." तुमच्या प्रश्नाचा सूर असा आहे की डॉक्टर हयगय करताहेत. तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल तर माझ्या मते ते बरोबर सांगताहेत.

मी डॉक्टर नाही. पुण्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. २००९ च्या पावसाळ्यात काही महिने माझं काम एकच होतं, लोकांच्या नाकात आणि घशात काडी फिरवून नमुना घ्यायचा. त्यामुळे तपासणीवर माझा राग नाही. फक्त तिच्याकडून लोक जे मागतात ते ती देऊ शकत नाही, हे मी फार जवळून पाहिलंय.

३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला बळी. तसा पहिला रुग्ण मे महिन्यातच हैदराबादला सापडला होता आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीरही केली होती, पण तोवर आपल्याकडे ती पेपरातली बातमी होती. त्या मुलीनंतर मात्र गावाचा धीर सुटला. साथीच्या रोगांसाठी असलेल्या नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या. शाळा बंद, थिएटरं बंद, मॉल बंद. मेडिकलच्या दुकानांतून मास्क गायब झाले आणि जे मिळत होते ते काहीच्या काही भावात. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी रुमालात कापूर आणि वेलची बांधून नाकाला लावली. निलगिरीच्या तेलाचाही तुटवडा झाला. (दुचाकीवरच्या पुणेरी मुली तेवढ्या निर्धास्त. तोंडाला स्कार्फ त्यांनी आधीच बांधलेला होता.)

आता त्या रांगेचा विचार करा. नुसतं पडसं झालेला माणूस, धास्तीनं आलेला माणूस आणि खरोखर फ्लू असलेला माणूस, तिघं तासन्‌तास एकमेकांना खेटून उभे. घरून निघताना ज्याला काही नव्हतं, तो परतताना घेऊन गेला असेल. नमुने जायचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. संस्था पुण्यातच, हे आमचं भाग्य, पण सुरुवातीला ही तपासणी करू शकणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच होत्या. भार वाढला तसे अहवाल यायला उशीर व्हायला लागला. अहवाल येईपर्यंत पुष्कळांचा ताप उतरलेला असायचा.

म्हणूनच त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य खात्यानं रुग्णांचे तीन गट पाडले. तुमचे डॉक्टर आजही तेच डोक्यात ठेवून बोलताहेत. गट 'ए' म्हणजे ताप, खोकला, घसा, अंगदुखी, पण तब्येत ठीक: तपासणी नको, घरी राहा, लोकांत मिसळू नका. गट 'बी' म्हणजे ताप जास्त, घसा फारच दुखतोय, किंवा लक्षणं साधी पण माणूस जोखमीचा, म्हणजे गरोदर बाई, लहान मूल, म्हातारा माणूस, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला. इथेही तपासणी नको. डॉक्टरांना गरज वाटली तर ऑसेल्टामिविर सुरू करतात, ज्याला सगळे टॅमिफ्लू म्हणतात. गट 'सी' म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळे पडणं, मूल झापड आल्यासारखं पडून राहणं, खायला-प्यायला न घेणं. याला लगेच दाखल करायचं आणि स्वॅब घ्यायचा तो इथे.

बाहेरून हे उलटं वाटतं. आधी तपासा, मग औषध द्या, असं आपल्याला शाळेपासून पटलेलं असतं. पण हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग. अहवालाची वाट बघत बसलात तर ते तास निघून जातात. आणि पोराची तब्येत बरी असेल तर अहवाल 'पॉझिटिव्ह' आला काय अन् 'निगेटिव्ह' आला काय, करायचं तेच असतं.

शिवाय 'निगेटिव्ह' शब्दावर विसंबू नका. हे मी माझ्या चुकीवरून सांगते. एक पाच-सहा वर्षांचं पोर होतं, लाथा झाडत होतं, आई रडत होती, मागे रांग. मी काडी नाकात जेमतेम आत घातली, फिरवल्यासारखं केलं आणि बाहेर काढली. अहवाल निगेटिव्ह. आई-वडील निश्चिंत झाले. तीन दिवसांनी मूल धापा टाकत परत आलं, दुसरा नमुना पॉझिटिव्ह. मूल बरं झालं, पण त्या तीन दिवसांत त्यांना मिळालेली निश्चिंती माझ्या हातानं दिलेली होती आणि खोटी होती. काडी पार मागच्या भिंतीपर्यंत जावी लागते, डोळ्यांत पाणी येतं. ती कापूस गुंडाळलेली लाकडी काडी चालत नाही, सिंथेटिक लागते, कारण लाकडातल्या काही घटकांमुळे पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली विषाणू शोधायची तपासणी, बिघडू शकते. मग ती द्रावाच्या छोट्या कुपीत, कुपी बर्फाच्या पेटीत. पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू भरपूर असतो, नंतर कमी सापडतो. एवढ्या साखळीत एक कडी निसटली की कागदावर निगेटिव्ह उमटतं. पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या तर आणखी कच्च्या. पॉझिटिव्ह दाखवली तर बहुधा खरं, पण खऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना त्या निगेटिव्ह दाखवतात.

तेव्हा मुलाकडे बघा, कागदाकडे नको. श्वास भराभर चालतोय का, लघवी होतेय का, ताप उतरल्यावर खेळतोय का. ताप जाऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला आणि खोकला वाढला तर थांबू नका, तेव्हा न्यूमोनियाची शंका असते. अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका, फ्लूमध्ये मुलांना ती चालत नाही.

मला खरी काळजी तुमच्या सासूबाईंची वाटते. मुलाला चार दिवस त्यांच्या खोलीत झोपवू नका. आजीचा जीव तुटेल, पण ऐका. आणि त्यांना नुसती कणकण आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी सांगा: मधुमेह आहे आणि घरात नातवाला ताप आहे. स्वॅब घ्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण अहवालासाठी औषध अडू नये.

आता लस. इथे मला स्वतःचंच उणं सांगावं लागेल. २००९ ला लोक तपासणीसाठी धावले, कारण दुसरं काही हातात नव्हतं. लस आली २०१० मध्ये. आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी बाहेरून मागवलेली आली. मग पावसाळ्याच्या तोंडाशी झायडस कॅडिलाची 'व्हॅक्सिफ्लू-एस', आणि जुलैत आमच्याच सिरम इन्स्टिट्यूटची 'नॅसोव्हॅक', जी टोचायची नाही, नाकात फवारायची. आम्हाला फुकट मिळत होती. आमच्यातल्या कितीतरी जणींनी घेतली नाही, त्यांत मी होते. घाईत बनवलीय, काय ठाऊक काय होईल, आणि साथ तर गेली, असं म्हणत होतो. दिवसभर लोकांना शहाणपण सांगणाऱ्या बायका आम्ही!

साथ गेली नव्हती. सरकारी आकड्यांप्रमाणे २००९ मध्ये देशात या विषाणूनं ९८१ लोक गेले, २०१० मध्ये १,७६३. म्हणजे रांगा ज्या वर्षी ओसरल्या त्या वर्षी जवळजवळ दुप्पट. त्या ऑगस्टमध्ये मी अकरा दिवस अंथरुणावर होते, त्यातले चार ऑक्सिजनवर. २०१५ मध्ये तर ४२ हजारांवर रुग्ण आणि २,९९० मृत्यू. तेव्हा लस औषधांच्या दुकानात होती, पण लोक पुन्हा स्वॅब कुठे घेतात तेच विचारत होते.

माझी आजी १९१८ च्या साथीला 'मानमोडी' म्हणायची. तिच्या माहेरच्या घरात एका पंधरवड्यात तीन माणसं गेली. तेव्हा तपासणी, लस सोडाच, माणसाला फ्लू देणारा विषाणू सापडलाच मुळी १९३३ मध्ये. मानमोडीचा विषाणूही स्वाइन फ्लूसारखा एच१एन१ जातीचाच होता.

दरवर्षी का घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. दोन कारणं. विषाणू रूप बदलत राहतो, आणि लसीनं आलेली ताकदही काही महिन्यांत उतरते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेणं सोयीचं. पावसाळा सुरू झाला असला तरी घ्या, अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात इतकंच. २००९ चा स्वाइन फ्लू आता वेगळा राहिलेला नाही, नेहमीच्या मोसमी फ्लूतच मुरलाय, आणि नेहमीच्या लसीत त्याचा घटक असतोच.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. विषाणू लसीशी जुळले त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, त्याहून जास्त नाही. "मग कशाला?" असं माझ्या भाच्यानं विचारलं होतं. त्याला म्हटलं, हेल्मेट घालूनही लोक मरतात, तू का घालतोस? आयसीयूत जाण्याचा धोका लसीनं कमी होतो, मला तेवढं पुरतं.

लसीनं लकवा होतो अशी जी भीती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तिच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली. साथ आलीच नाही, आणि लाखात सुमारे एकाला गिया-बारे नावाचा, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार जडल्याचं दिसलं. मोहीम थांबवली गेली. हे लपवायचं कारण नाही. आजच्या लसींवर त्यानंतर सतत नजर आहे, आणि हा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोघांपुरता. टोचायच्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लसीनं फ्लू होत नाही. एखाद दिवस कणकण आणि दंड दुखणं, एवढं होतं.

मुलाचा ताप पूर्ण गेल्यावर त्यालाही द्या. आत्ता फ्लू झाला असेल तरी तो एकाच प्रकारचा, लसीत तीन-चार असतात. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. पुष्कळ ठिकाणी एकावरच भागवतात, तेव्हा दुसऱ्या डोसची तारीख लिहून घ्या. सासूबाईंसाठी आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करा. महाराष्ट्रात गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत दिली गेलीय, साठा असला तर मिळेल. नसला तर खासगीत खिशाला चाट बसेल. त्यांना स्वतःला ताप नसेल तर नातू बरा होईपर्यंत थांबायचं कारण नाही, उद्याच घेऊन जा. या वेळचा संसर्ग त्यानं टळणार नाही, पण पावसाळा अजून बराच बाकी आहे. आणि ज्या हातानं त्या पोळ्या लाटतात तो सोडून दुसऱ्या दंडात द्यायला सांगा.