वजनाआधी उंची

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्याची पाटी लागली, हे कळलं तेव्हा खूप बरं वाटलं. सिंहगड रस्त्यासारखी शाळा-क्लासेसनी भरलेली वस्ती, म्हणजे पहिल्याच महिन्यात "डॉक्टर, ह्याच्या वजनाचं काहीतरी बघा" म्हणत आईवडील येणार. अशा मुलांना पहिल्या भेटीत कोणत्या तपासण्या लिहून द्यायच्या, असं तू परवा फोनवर विचारलंस. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

तपासण्या नंतर. आधी उंची मोज. मदतनीस मावशींवर सोपवू नकोस, स्वतः मोज.

माझी प्रॅक्टिस सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. आई शिवणकाम करायची. मी मुलीला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि तेलकट बंद, बिस्किटं बंद, रोज शंभर दोरीच्या उड्या असं लिहून दिलं. निघताना आई म्हणाली, "डॉक्टर, हिच्या युनिफॉर्मची खालची दुमड दोन वर्षांत उसवावी लागली नाही. बाजूची शिवण मात्र दोनदा सोडली." मी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. अख्खं निदान त्या बाईने माझ्या टेबलावर ठेवलं होतं, आणि मला ते दिसलं नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉईड तपासलं. ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. त्या आठ महिन्यांत त्या मुलीला घरात 'हावरट' हे नाव पडलं होतं. ते म्हणायची परवानगी माझ्या चिठ्ठीने दिली होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून हे लक्षात ठेव. नेहमीच्या लठ्ठपणातलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असतं. जास्तीचं पोषण हाडांनाही मिळतं, वयात येणंही कधी लवकर सुरू होतं. वजन चढतंय आणि उंची अडलीय, असं दिसलं की तिथे थांब. थायरॉईड बघ, कॉर्टिसोलचा, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉईडचा, विचार कर आणि औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांग. अंगावरच्या चट्ट्यांसाठी महिनोन्‌महिने लावलेलं मलम, दम्यावर कोणीतरी दिलेल्या नाव नसलेल्या पुड्या, यांतून स्टेरॉईड शरीरात जात असतं आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

उलट बाजूही सांगतो. 'थायरॉईड निघालं तर बरं, एक गोळी दिली की झालं' अशी आशा धरून पुष्कळ आईवडील येतात. लठ्ठ मुलांमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, किंचित वाढलेलं सापडतं, पण बहुतेक वेळा तो वजनाचा परिणाम असतो, वजनाचं कारण नव्हे. वजन उतरलं की तेही खाली येतं. उंची छान वाढतेय, टीएसएच सहा-सात आहे आणि थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन टी-फोर नॉर्मल आहे, तर लगेच गोळी सुरू करू नकोस.

"आमच्या घराण्यातच आहे हो" हे वाक्य तुला रोज ऐकू येईल. ते खोटं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा आनुवंशिक निघालेला आहे. पण घराणं म्हणजे एखादा जीन नव्हे. २००७ साली एफटीओ या जीनचा लठ्ठपणाशी संबंध सापडला तेव्हा केवढा गाजावाजा झाला. आईकडून आणि वडिलांकडून, अशा त्याच्या दोन्ही जोखमीच्या प्रती घेतलेल्या प्रौढांचं वजन सरासरी तीनेक किलोच जास्त भरलं. आपल्या जनुकांतल्या अशा शेकडो जागा आता माहीत आहेत, प्रत्येकीचा भार थोडा थोडा. यातल्या बऱ्याचशा काम करतात त्या मेंदूत. भूक किती लागावी आणि पोट भरल्याचं कधी कळावं, हे त्या ठरवतात. एकाच ताटातलं जेवून धाकटा हात धुवायला उठतो आणि थोरल्याला अजून भूक असते. थोरल्याला खरंच भूक असते, बरं का. हे त्याच्या आईला तू सांगायचं, तेही त्याच्यासमोर.

एकाच जीनमुळे येणारा लठ्ठपणा दुर्मीळ आहे, पण चुकवून चालणार नाही. १९९४ मध्ये उंदरांत लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशी 'साठा पुरेसा आहे' हा निरोप ज्या हॉर्मोनमधून मेंदूला देतात, ते हे. तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन चुलत भावंडांत त्याचा पूर्ण अभाव सापडला. त्यांतली मुलगी नऊ वर्षांची असताना चौऱ्याण्णव किलोंची होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिची भूक ओसरली आणि वर्षभरात सोळा किलो वजन उतरलं. त्या दोघांचे आईवडील नात्यातले होते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होणं नवीन नाही, तेव्हा "तुमचं लग्न नात्यात झालंय का?" हा प्रश्न न संकोचता विचार. लठ्ठपणा पाच वर्षांच्या आत सुरू झालाय का, मूल रात्री उठून अन्न शोधतं का, कचऱ्यातलं उचलून खातं का, तेही विचार. जन्मल्यावर अंग ढिलं होतं आणि दूध ओढत नव्हतं म्हणून वाटी-चमच्याने पाजावं लागलं, पण दोन-तीन वर्षांनी भूक सुटली ती थांबेचना, असं आईने सांगितलं तर प्रेडर-विली हा जन्मजात जनुकीय आजार डोक्यात येऊ दे. हातापायाला सहावं बोट आणि रात्री कमी दिसणं यांची जोडी दिसली, तर बार्डेट-बीडल हा तसाच दुसरा आजार. आणि उंचीच्या माझ्या नियमाला एक अपवाद: एमसी४आर या भुकेला आवर घालणाऱ्या जीनमध्ये दोष असलेली मुलं उंचच असतात. अशी शंका आली की मूल जनुकतज्ज्ञांकडे पाठव. सरसकट सगळ्यांचे जीन तपासायला मात्र लावू नकोस, तेवढ्या पैशांत त्या घराचं बरंच काही भागतं.

आता आपल्या पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांत कमी. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली, तर चरबी मात्र जवळजवळ राखलेली. अंगाने किडकिडीत, आतून चरबीदार. याच याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिनांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

अडीच किलोचं बाळ घरी आलं की आजी त्याला बाळसं धरायला लावते. तिची माया खरीच, दोष तिला देऊ नकोस. पण गर्भात काटकसर शिकलेलं ते शरीर मिळेल ते साठवत जातं. पाच ते सातच्या दरम्यान मुलाचा बीएमआय सर्वांत खाली येऊन पुन्हा चढायला लागतो. हा चढ चौथ्या वर्षीच सुरू झाला, तर पुढे वजन वाढण्याची शक्यता जास्त. म्हणून लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत वजन-उंची लिहीत जा आणि पाच वर्षांपुढे भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते वापर. त्यांतल्या २३ आणि २७ च्या रेषा, म्हणजे प्रौढांच्या त्या बीएमआयशी जुळणाऱ्या जादा वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा, आपल्या मुलांच्या शरीरांचा विचार करून आखल्या आहेत, परदेशी आकड्यांवर विसंबू नकोस.

मान बघायला विसरू नकोस. आठवीतला एक मुलगा भर उन्हाळ्यात कॉलर वर करून यायचा. आईने बेसन-लिंबू लावून झालं होतं, घासणीने घासून सालटं निघाली होती, तरी 'मळ' जाईना. मी ओल्या कापसाने पुसून कापूस तिला दाखवला. पांढराच. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की मानेवरची, काखेतली कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. घासून ती जाणार कशी? ती बाई ओरडायची थांबली आणि मुलाने कॉलर खाली केली. साखर, लिव्हरची एन्झाइम्स, लिपिड (रक्तातली चरबी) या तपासण्या अशा मुलाला सांगायच्या. मुलगी असली तर पाळीचं विचारायचं, तेही आईला जरा बाहेर बसवून.

उपाशी ठेवू नकोस. वजन झपाट्याने उतरलं की लेप्टिन पडतं, भूक दुप्पट होऊन परत येते आणि दोष पुन्हा पोराच्याच माथी बसतो. वाढत्या वयात वजन आहे तिथे टिकलं आणि उंची वाढली, तरी आपण जिंकलो. क्लास रात्री साडेनऊला सुटत असेल तर झोपेचं आधी बोल, ताटाचं मागून. आणि तुझा वजनकाटा बाहेरच्या बाकड्यांसमोर असेल तर आजच आत हलव.

माझा उंची मोजायचा जुना फळा तुझ्यासाठी काढून ठेवलाय, रविवारी येऊन घेऊन जा. तुझ्या खोलीत भिंतीला खालून फरशीची पट्टी आहे ना, तिच्यामुळे फळा पुढे येतो आणि टाचा टेकत नाहीत. दार उघडतं त्या बाजूच्या कोपऱ्यात ती पट्टी गवंड्याकडून काढून घे. मुलींची पोनी सोडायला सांग. आणि दर सोमवारी मीटरच्या काठीने फळा तपास, तो दोन-तीन मिलिमीटर सरकतो.

तुझा,
सर