सगळ्या शाळांची ‘अ’ तुकडी एकच का?

प्रश्न: शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय. विद्यार्थी, तुकडी, शाळा असा डेटा आहे, तुकड्यांना सगळ्या शाळांत अ, ब, क हीच नावं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल स्लॅशने (शाळा/तुकडी) लिहिलं की एक उत्तर येतं, शाळा आणि तुकडी प्लसने वेगवेगळे लिहिले की दुसरंच. बरोबर कुठलं?

उत्तर: तुमच्या डेटाला स्लॅशवालं बरोबर, ते तुकडी शाळेच्या आत धरतं, म्हणजे नेस्टेड. एका शाळेच्या ‘अ’चा दुसऱ्या शाळेच्या ‘अ’शी काही संबंध नाही, पण सॉफ्टवेअरला नुसतं अक्षर दिसतं, त्यामुळे प्लस लावलात की ते धरून चालतं की सगळ्या शाळा मिळून तुकड्या तीनच, आणि त्या प्रत्येक शाळेत आहेत, म्हणजे क्रॉस्ड.

अशा मॉडेलांसाठीच्या आरच्या एलएमई४ पॅकेजमधला पेस्ट्स डेटा उघडून बघाच. रासायनिक पेस्टच्या १० बॅच, प्रत्येकीतून ३ पिंपं, प्रत्येक पिंपाची दोनदा तपासणी, एकूण ६० आकडे. पिंपांची नावं दर बॅचला ए, बी, सी, पण खरी पिंपं ३०. नीट नेस्टेड मॉडेल लावलं तर पिंपापिंपातला वॅरिअन्स (फरकाचं माप) साधारण ८.४ येतो, बॅचचा १.७, तपासणीचा ०.७, म्हणजे खरा फरक पिंपांतच आहे! तीच पिंपं तीन समजलात तर त्यातला बहुतेक फरक रेसिड्युअलमध्ये (मॉडेलला न उलगडलेल्या उरलेल्या फरकात) जाऊन बसतो आणि मुख्य गोष्टच हातची जाते.

म्हणून मॉडेलच्या आधी प्रत्येक तुकडीला स्वतंत्र कोड द्या (शाळा ७, तुकडी अ असा जोडून), मग स्लॅश लावा की प्लस, उत्तर एकच येतं. क्रॉस टेबलही काढा, तुकडीच्या प्रत्येक ओळीत एकाच शाळेखाली आकडा दिसला की नेस्टेड.

क्रॉस्ड म्हणजे चूक असं मात्र समजू नका हं. स्कॉटलंडच्या फाइफमधल्या ३४३५ मुलांच्या डेटात १४८ प्राथमिक आणि १९ माध्यमिक शाळा आहेत, एका प्राथमिक शाळेतली मुलं वेगवेगळ्या माध्यमिक शाळांत गेली, तिथे एकात एक बसवताच येत नाही, दोन्ही वेगळेच घ्यावे लागतात. तुमच्याकडेही एकच शिक्षक दोन-तीन तुकड्यांना शिकवत असेल तर तो शाळेत नेस्टेड, पण तुकडीशी क्रॉस्ड.

अजून एक, तुमच्या शाळांत हुशार मुलं ‘अ’ तुकडीत घालायची पद्धत असेल तर त्या अक्षराला खरंच अर्थ आहे, मग ते फिक्स्ड इफेक्ट (सगळ्या शाळांत सारखा धरलेला परिणाम) म्हणून घ्या, आणि स्वतंत्र कोडचा रँडम इफेक्ट (तुकडीगणिक बदलणारा परिणाम) त्याच्यासोबत तसाच राहू द्या.