निघालो साखरपुड्याला, मुक्काम पडला समुद्रावर

नवरा-बायको दोघंच, कुठलंही बुकिंग न करता, तंबू घेऊन कोकणच्या किनाऱ्याने फिरले तर जमतं का, असं तुम्ही विचारलंय. जमतं, आम्ही केलंय. खोलीचं बुकिंग नसलं तर काही बिघडत नाही. भरतीची वेळ मात्र माहीत असायलाच हवी, आणि आमचं पहिल्याच रात्री नेमकं तिथे चुकलं.

आम्ही सोलापूरचे. एका जानेवारीत कोल्हापूरला पुतणीचा साखरपुडा होता म्हणून आदल्या दिवशी पहाटे निघालो. मिरजेच्या अलीकडे फोन आला की मुलाकडच्यांना सुतक आलंय, कार्यक्रम पुढे ढकललाय. दोघांची तीन दिवसांची रजा टाकलेली. गाडीत साखरपुड्याच्या साड्या, नातेवाइकांसाठी घेतलेल्या दोन सोलापुरी चादरी, कडक भाकऱ्यांचा गठ्ठा, शेंगाची चटणी आणि मुलाचा जुना तंबू. तो कोल्हापूरच्या भाच्याला ट्रेकसाठी द्यायचा होता. त्या दिवशी संकष्टी होती, माझा उपास. मी सहज म्हटलं, आता गणपतीपुळ्यालाच जाऊया. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कोल्हापुरात न थांबता गाडी आंबा घाटाकडे काढली.

सोलापूरकरांना हा रस्ता सोपा आहे. रत्नागिरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ आपल्या दारातूनच निघतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर आणि मग आंबा घाट. गणपतीपुळ्यापर्यंत साधारण पावणेचारशे किलोमीटर होतात. साडेचारच्या सुमाराला पोचलो. दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणाही घातली. खोली मात्र कुठेच मिळेना. संकष्टीला गणपतीपुळ्यात खोली मिळत नाही हे आम्हाला सुचायला हवं होतं. तेव्हा कुठे तंबूची आठवण झाली.

मालगुंडच्या बाजूला सरकलो आणि सूर्य बुडता बुडता ओल्या, सपाट, घट्ट वाळूवर तंबू लावायला घेतला. कोरडी वाळू भुसभुशीत, तिच्यात खुंट्या टिकत नव्हत्या, म्हणून मुद्दाम ओली जागा निवडली. तेवढ्यात एक आजी सुकलेल्या झावळ्या ओढत चालल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "आज संकष्टी ना? म्हणजे पहाटे तीनला भरती. तुम्ही पाण्यात झोपलाय."

पाणी तेव्हा डोळ्यांदेखत मागे मागे जात होतं, त्यामुळे आधी पटेचना. मग त्यांनी वरच्या अंगाला वाळूत पडलेली काटक्या, शिंपले आणि शेवाळाची रेघ दाखवली. दुपारच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं होतं. आमचा तंबू त्या रेघेच्या वीस पावलं खाली होता. हिशेबही त्यांनीच शिकवला: तिथीला पाऊण ने गुणायचं. चतुर्थी म्हणजे तीन, पहाटे तीन आणि दुपारी तीन. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण रात्र काढायला एवढा अंदाज पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. मी आयुष्यभर दारात कॅलेंडर टांगलं ते उपास आणि सणांसाठी. त्यात समुद्राचं वेळापत्रक लिहिलेलं असतं हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आम्ही तंबू उचलून रेघेच्याही बराच वर, सुरूच्या झाडांजवळ नेला. खुंट्यांचा उपायही आजींचाच: पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवीच पुरून टाकायची. ती हलत नाही.

नऊच्या सुमाराला चंद्र दिसला. आपल्या मनात समुद्रावरचा चंद्र म्हणजे पाण्यातून वर येणारा असतो. इथे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे तो पाठीमागच्या डोंगरावरून, माडांच्या शेंड्यांमधून आला. त्याला हात जोडून मी कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीवर उपास सोडला. चूल नाही, गॅस नाही. अशा प्रवासाला कडक भाकरीसारखं दुसरं अन्न मला माहीत नाही, दिवसेंदिवस टिकते.

रात्री थंडी वाजली म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी गच्च लावल्या, ती दुसरी चूक. आपल्या कोरड्या हवेची सवय. पहाटे आतल्या कापडावरून पाणी ठिबकत होतं, आमच्याच श्वासाचं. वरून दव. सोलापुरात तासाभरात वाळणारी चादर तिथे दुपारपर्यंत ओलीच. तंबूची एक बाजू उघडी ठेवा आणि जाड सुती पांघरूण एकच न्या. पण त्या ओल्या चादरीत मी तीन वाजता जागी होते, आणि पाणी खरंच संध्याकाळच्या आमच्या जागेवर आलेलं पाहिलं. ह्यांनाही उठवलं. दोघं काही न बोलता बसून राहिलो.

हे एवढ्यासाठी सांगते की त्याआधीचं वर्षभर सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. रात्री आम्ही आळीपाळीने जागायचो, म्हणजे एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. त्या गेल्यानंतरही घरात आमचं बोलणं औषधांच्या बिलांपुरतंच उरलं होतं. त्या पहाटे हे आपणहून आईबद्दल बोलायला लागले आणि उजाडेपर्यंत बोलले. असं बोलायला मिळेल म्हणून आम्ही निघालो नव्हतो. पण तुम्ही जोडप्यानं जायचं विचारताय, तर हे लपवून उत्तर देणं मला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मालगुंडात केशवसुतांचं जन्मघर पाहिलं, मग जयगडला गेलो. तिथून तवसाळला गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे, त्यामुळे खाडीचा मोठा वळसा वाचतो. पंचमी होती, म्हणजे पाचाला पाऊण ने गुणून पावणेचार. त्या वेळेला बेतून हेदवीला बामणघळीवर पोचलो. खडकातली अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी आत घुसून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसेल.

मुक्काम वेळणेश्वरला. या वेळी उजेड असतानाच एका घरी विचारलं. त्यांनी अंगणात जागा दिली, आणि आम्ही माडाखाली तंबू पसरायला लागताच धावत आले: नारळ पडतो, डोकं फुटेल. मोकळ्यात लावला. जेवणाचे आणि न्हाणीघराचे पैसे आम्ही आग्रहाने दिले. बायकांना खरी अडचण संडास-अंघोळीचीच येते, आणि त्यावर घर गाठून विचारणं हाच उपाय मला दिसला. गावाला न विचारता पुळणीवर तंबू ठोकू नका.

आणखी एक, ते कृपा करून पाळा. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. गुहागर, आंजर्ले, वेळास ही त्यातली ठिकाणं. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे बॅटरी किंवा शेकोटी पाहून समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. अशा पुळणीवर तंबू नकोच. आणि गाडी कुठल्याच पुळणीवर उतरवू नका, चाकं रुततात आणि भरती वाट बघत नाही.

परत येताना गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड आणि पंढरपूर करत रात्री घरी आलो.

तुम्ही पहिल्यांदाच जाताय, तर कॅलेंडरमध्ये अष्टमी बघून निघा. आठाला पाऊण ने गुणून सहा. संध्याकाळी सहाला, तंबू लावायच्या वेळेलाच पाणी सगळ्यात वर असतं, कुठवर येतं ते समोर दिसतं. शिवाय त्या दिवसांत भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. तरीही तंबू त्या रेघेच्या बराच वर लावा.