शू खालून येते, एकच गोळी लागते, थांबू का?

प्रश्न : माझा मुलगा ४ महिन्यांचा आहे. शू टोकातून न येता खालच्या बाजूने येते आणि अंडकोषाच्या पिशवीत एकच गोळी हाताला लागते. इथले डॉक्टर म्हणाले ५ वर्षांचा होऊ दे मग बघू, हवं तर पुढची चामडी काढून टाकू. सासूबाईंचं म्हणणं मी ग्रहण पाळलं नाही. काय करू? (एक आई, बीड)

उत्तर : ताई, ग्रहणाचं आधी डोक्यातून काढा. शूच्या जागेच्या या प्रकाराला हायपोस्पेडियस म्हणतात, साधारण २००-३०० मुलग्यांमागे एकाला असतो आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडतच नाही, तुमचा काही दोष नाही.

पण ५ वर्षं थांबायचं नाही हां. वर राहिलेली दुसरी गोळी ६ महिन्यांपर्यंत आपोआप पिशवीत उतरू शकते, त्यानंतर चान्स फारच कमी, म्हणून दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून खाली आणतात, उशीर झाला तर पुढे मूल होण्याला अडचण येऊ शकते आणि त्या गोळीत कॅन्सरची रिस्कही वाढते. शूच्या जागेचं ऑपरेशनही साधारण ६ ते १८ महिन्यांत करतात.

आता खरी गोष्ट. नुसती एकच तक्रार असती तर लहान मुलांचे सर्जन पुरले असते, पण दोन्ही एकत्र आहेत आणि दुसरी गोळी हाताला लागतच नाहीये, म्हणून हार्मोन्सचे डॉक्टर पण हवेत. ते क्रोमोसोमची टेस्ट, हार्मोन्सचं रक्त, सोनोग्राफी सांगतील, कधी कधी ऑपरेशनआधी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) पण देतात. (नवजात बाळाच्या दोन्ही गोळ्या लागत नसतील तर मात्र त्याच दिवशी धावा, कारण मुलगा वाटणारं बाळ अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार असलेली मुलगी असू शकतं, आणि त्या आजारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन अंगातलं मीठ उतरतं, जीवावर बेततं.)

दोघे एका छताखाली भेटतील असं ठिकाण बघा, परळचं वाडिया हॉस्पिटल तसं आहे. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला विचारा, जन्मतः दोष असलेल्या मुलांना तेच पुढे पाठवतात.

आणि ती चामडी! तिला हात लावू देऊ नका, सर्जनला नवा मार्ग करताना तीच लागते, आधीच काढली तर तोंडातली त्वचा घ्यायची वेळ येऊ शकते. बीडच्या डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, रागावले तर रागावू देत.