दुर्बिणीचं गोटू माउंट (आपोआप ताऱ्याकडं वळणारा मोटरचा स्टँड) भलतीकडंच वळतंय? आधी हे बघ

भावा, माउंट परत पाठवायची घाई नको करू, बहुतेक वेळा हँडसेटात (माउंटच्या रिमोटात) भरलेली माहितीच चुकलेली असते. बेळगावला अक्षांश 15 अंश 51 मिनिटं उत्तर, रेखांश 74 अंश 30 मिनिटं पूर्व, तिथं पश्चिम राहिलं की संपलंच, टाइमझोन प्लस 5:30, डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करायची परदेशी पद्धत) बंद, आणि बरेच हँडसेट तारखेत महिना आधी मागतात तेही बघ. माउंट इक्वेटोरियल असेल, म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवाकडं रोखावा लागतो तसलं, तर ध्रुव आपल्याकडं जेमतेम 16 अंशावर, गल्लीतनं कुठला दिसतोय, सरळ जांबोटीकडं मोकळं रान गाठ. अलाइनमेंटला, म्हणजे माउंटला सुरुवातीला ओळखीचे तारे दाखवून दिशा समजावताना, तारे एकमेकांपासून लांबलांबचे घे. मधेच रिसेट होत असेल तर पहिला संशय पॉवरवर, पेन्सिल सेलच्या नादी लागू नको, 12 व्होल्टची चांगली बॅटरी घे की.